बिल्ला माणसाचा कीं गाडीचा ?

गेल्या हिंवाळ्यांत इंग्लंडांतील लेस्टर शहरीं राहणाऱ्या माझ्या पुतण्याचें पत्र आलें. त्याच्या घरांत माणसें तीन : तो स्वतः, त्याची पत्नी आणि मोटार चालविण्याचा परवाना नुकताच मिळालेली मुलगी. गाड्या दोन. एके दिवशीं तो पहांटेच आगगाडीनें परगांवीं गेला होता. सूनबाई कामावर निघाल्या, गाडींत बसल्या, किल्ली फिरविली. पण रात्रीच्या थंडीनें बॅटरी पार बसलेली. गाडी हूं कीं चूं करीना.

आतां या घरांत, गाडी बंद पडल्यास मदत मिळावी म्हणून केलेले करार एक नव्हे, तीन होते. पहिला बँकेच्या खात्याबरोबर मिळालेला, पुतण्याच्या नांवचा. तो ज्या गाडींत असेल त्या गाडीला मदत. दुसरा त्याच्या गाडीच्या विम्याला जोडून आलेला. तिसरा सूनबाईंच्या गाडीसाठीं निराळे पैसे भरून घेतलेला. पैकीं पहिल्याचा धनी आगगाडींत बसलेला. दुसरा करार शेजारीं उभ्या असलेल्या, उत्तम चालणाऱ्या गाडीचा. तिसरा याच गाडीचा खरा, परंतु त्यांत बारीक अक्षरांत असें कलम होतें कीं, घरापासून पाव मैलाच्या आंत गाडी बंद पडली तर मदत मिळणार नाहीं. तीन ठिकाणीं पैसे भरणाऱ्या त्या माउलीला शेवटीं चौथ्या ठिकाणीं रोख पैसे मोजून मेस्त्री बोलवावा लागला. पत्राच्या अखेरीस पुतण्यानें लिहिलें होतें : "काका, तुम्ही जन्मभर इतिहास शिकविलात. हा घोळ कोणीं आणि केव्हां घालून ठेवला तें सांगा. आणि दोन गाड्यांच्या घरानें स्वस्तांत काय घ्यावें तेंही सांगा."

श्रोतेहो, दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर इतिहासाच्या शिक्षकाला यावें अशी अपेक्षा कोणी करूं नये. परंतु पहिल्या प्रश्नाचा माग काढतां काढतां दुसऱ्याचें उत्तर आपोआप हातीं लागलें, म्हणून तो माग आज आपणांपुढें मांडतों.

मोटारींच्या आरंभकाळीं गाडी बंद पडणें हा अपघात नव्हता, नित्यक्रम होता. रस्ते खडीचे व मातीचे, त्यांवर घोड्यांच्या नालांचे खिळे विखुरलेले, आणि रबरी टायर कोंवळे. शिवाय गाडीबरोबर जादा चाक देण्याची चालच नव्हती. टायर फुटला कीं रस्त्याच्या कडेला बसून तो उतरवावयाचा, ठिगळ लावावयाचें आणि हातपंपानें पुन्हा हवा भरावयाची. वेल्समधील लानेली गांवच्या स्टेपनी स्ट्रीट नांवाच्या रस्त्यावर डेव्हिस नांवाचे बंधु लोखंडी सामानाचा धंदा करीत. त्यांनीं १९०४ सालीं, आऱ्या नसलेली परंतु हवा भरलेला टायर चढविलेली एक लोखंडी धांव विकावयास आणली. फुटलेल्या चाकावर ती बाजूनें आंवळली कीं गाडी चालती होई. रस्त्याच्या नांवावरून तिला स्टेपनी म्हणूं लागले. आज इंग्लंडांत हा शब्द फारसा कोणास ठाऊक नाहीं. आपल्याकडे मात्र कोणत्याहि गॅरेजमध्यें जाऊन "स्टेपनी काढ" म्हणा, पोरगा निमूटपणें जादा चाक काढूं लागेल. शब्द जन्मगांवीं विसरले जातात आणि सासरीं नांदतात, तसा हा प्रकार.

ज्या संस्थेकडे या साऱ्या व्यवहाराचें मूळ बोट दाखवितें, ती लंडनची ऑटोमोबाइल असोसिएशन. तिचा जन्म मात्र बंद पडलेल्या गाडीच्या पायीं झाला नाहीं; तो झाला फार वेगानें चालणाऱ्या गाडीच्या पायीं. १८९६ च्या कायद्यानें मोटारींना ताशी १४ मैलांची मर्यादा घालून दिली होती. १९०३ च्या कायद्यानें ती २० मैलांवर नेली. गाड्या त्याहून जलद धांवूं शकत व धांवतही. तेव्हां पोलिस कुंपणाआड दडून घड्याळ लावून बसत आणि मोजलेल्या अंतरांत गाडी सांपडली कीं दंड होई. या सांपळ्यांना कंटाळून कांहीं मोटारवाल्यांनीं २९ जून १९०५ रोजीं लंडनच्या ट्रोकॅडेरो उपाहारगृहांत सभा भरवून ही संस्था स्थापिली. स्टेन्सन कुक हे तिचे पहिले कार्यवाह. ब्राय्टनच्या रस्त्यावर सायकलस्वार नेमण्यांत आले. पुढें पोलिस दडले असल्यास येणाऱ्या मोटारवाल्यास खूण करून सावध करणें, हें त्यांचें काम. आज जिला आपण परोपकाराची सेवा समजतों, तिचें मूळ असें कायद्याला बगल देण्यांत आहे, हें सांगतांना मला थोडी मौज वाटते.

ही मौज फार दिवस चालली नाहीं. १९०९-१० च्या सुमारास सरन्यायाधीश लॉर्ड ॲल्व्हरस्टन यांच्यापुढें एका सायकलस्वाराचा खटला आला. मर्यादेबाहेर धांवणाऱ्या चालकाला खूण करून सावध करणें म्हणजे पोलिसांच्या कामांत अडथळा आणणें होय, असा निर्णय झाला. खूण करणें गुन्हा ठरलें. पण खूण न करणें गुन्हा कसा ठरणार? संस्थेनें चाल उलटी केली. ज्या गाडीवर संस्थेचा बिल्ला असेल त्या गाडीला गस्तवाल्यानें नेहमीं सलाम करावा. सलाम झाला नाहीं, तर चालकानें थांबून त्याचें कारण विचारावें. सलाम न केल्याबद्दल कोणाला कोर्टांत खेंचतां येत नाहीं ! हा सलाम पुढें केवळ शिष्टाचार म्हणून उरला आणि १९६१ पर्यंत चालू होता.

पुतण्याच्या गोंधळाचा धागा मला या सलामांतच सांपडला. गस्तवाला सलाम कोणाला करी ? आंत कोण बसलें आहे हें त्याला दिसत नसे. समोरून धुरळा उडवीत येणाऱ्या गाडीवर १९०६ पासून सुरू झालेला तो धातूचा बिल्ला चमकला कीं त्याचा हात वर जाई. आंत सभासद असो, सभासदाचा मुलगा असो, कीं मालकाला उतरवून रिकामी परत चाललेला शोफर असो. वर्गणी माणसानें भरलेली, मान मात्र गाडीला. बिल्ला संस्थेच्या मालकीचा, सभासदत्व संपलें कीं परत करावयाचा. त्यावर आंकडा सभासदाचा. आणि बसविलेला गाडीच्या नाकावर. जेव्हां एका माणसाजवळ एकच गाडी होती तोंपर्यंत या त्रांगड्याचा कोणास उपद्रव होण्याचें कारण नव्हतें.

त्या काळच्या धनिकांना रस्त्यांतल्या मदतीची गरजही बेताचीच होती. त्यांचा शोफर हाच मेस्त्री. शोफर या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टी पेटविणारा; वाफेच्या गाड्यांच्या दिवसांतला तो. टायर बदलणें, मॅग्नेटो साफ करणें, हीं कामें त्याचींच. पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटलें. १९२२ मध्यें ऑस्टिन सेव्हन ही छोटी गाडी बाजारांत आली आणि डॉक्टर, दुकानदार, पेन्शनर मंडळी स्वतः चाक धरूं लागलीं. यांना पाना धरण्याची संवय नव्हती. तेव्हां सायकलस्वारांच्या जागीं मोटारसायकलवाले आले. त्यांच्या बाजूच्या पेटींत हत्यारें असत. महायुद्धापूर्वींच, १९१२ च्या सुमारास, रस्त्याकडेला लांकडी चौक्या उभ्या राहूं लागल्या होत्या. त्यांत पुढें टेलिफोन बसले. चौकीची किल्ली प्रत्येक सभासदास मिळे. म्हणजे पाहा, बिल्ला गाडीवर आणि किल्ली खिशांत. दुसऱ्याच्या गाडींतून जाणारा सभासद किल्लीनें चौकी उघडूं शके, आणि बिल्ला लावलेली त्याची स्वतःची गाडी दुसऱ्याच रस्त्यानें चाललेली असे. माणूस आणि गाडी यांची फारकत तेथेंच झालेली होती. पैशाच्या हिशेबांत ती दिसावयास आणखी पन्नास वर्षें लागलीं, इतकेंच. १९१४ सालीं या संस्थेचे सभासद सुमारें ८३ हजार होते. १९३९ सालीं सुमारें ७ लक्ष २५ हजार झाले.

समुद्रापलीकडे अमेरिकेंत याच सुमारास दोन गोष्टी घडल्या. १९१५ मध्यें सेंट लुई येथें मिसूरीच्या मोटार क्लबनें पांच मोटारसायकलस्वार, अडलेल्या मोटारवाल्यांना मदत करण्यासाठीं रस्त्यावर पाठविले. आणि १९१६ मध्यें टेनेसी प्रांतांत चॅटनूगा येथील गॅरेजवाला अर्नेस्ट होम्स याला एका मित्राची ओढ्यांत उलटलेली गाडी सहा माणसें, दोर आणि ठोकळे लावून काढावी लागली. त्या घामांतून त्याला यारीची गाडी सुचली. आपले ट्रकवाले ज्याला टोचन लावणें म्हणतात, त्या कामासाठीं खास बांधलेल्या गाडीचा जनक म्हणून होम्सचें नांव घेतात.

आपल्या देशांतहि ही चाल फार मागाहून आली नाहीं. कलकत्त्याची मोटारवाल्यांची संस्था १९०४ ची, म्हणजे लंडनच्या वर सांगितलेल्या संस्थेहून एक वर्षानें वडील. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ मध्यें निघाली. मुंबईहून पुण्यास येणाऱ्याला बोरघाट चुकत नसे. १८३० मध्यें बैलगाड्या-घोडागाड्यांसाठीं खुला झालेला तो रस्ता. त्यावर चढतांना रेडिएटर उकळावयाचें, चाकामागें दगड लावून गाडी निवेपर्यंत मंडळीनें खालीं उतरून दरी पाहावयाची, आणि डब्यांतलें पाणी ओतून पुढें निघावयाचें. येथें मदत म्हणजे मागून येणारा ट्रकवाला. सभासदत्वाचा बिल्ला मुंबईच्या कांहीं गाड्यांवर चमके. पण सर्वसामान्य मोटारवाल्याचा आधार हा, रस्त्यावरच्या माणसाची भीड. आजही भारतांत ही मदत बहुधा गाडीच्या कारखानदाराकडून किंवा विम्याबरोबर थोडे जादा पैसे भरून मिळते. अर्थात् ती गाडीच्या नंबराला बांधलेली असते, माणसाला नव्हे.

विम्याचें नांव निघालें म्हणून थोडें थांबतों. ब्रिटनमध्यें १९३० च्या कायद्यानें त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला. आपल्याकडे १९३९ च्या कायद्यांतील तशी तरतूद १९४६ मध्यें अंमलांत आली. विम्याचा कागद व्यवहारांत गाडीच्या नंबरावर लिहिला जातो. पुढें विमा कंपन्यांनीं रस्त्यांतली मदत त्याच कागदाला जोडून विकावयास काढली, तेव्हां ती सहजच गाडीची झाली. क्लबाची मदत माणसाची, विम्याची मदत गाडीची. पुतण्याच्या घरांत जे तीन करार एकमेकांस न ओळखतां राहत होते, ते या दोन निराळ्या घराण्यांतून आलेले.

दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ मला या कथेंत सर्वांत बोलका वाटतो. १९४९ मध्यें लंडनच्या परिसरांत रात्रीच्या वेळीं बिनतारी यंत्रानें हांक मारून मदतीची गाडी पाठविण्याची सोय सुरू झाली. ज्या लहरींवरून माझा आवाज आपल्या कानीं पडतो आहे, त्यांचेच ते भाऊबंद. १९५१ सालीं ब्रिटनमधील सुमारें ८६ टक्के घरांत मोटारच नव्हती, आणि दोन गाड्यांचीं घरें शेंकडा एकाच्या आसपास होतीं. २ नोव्हेंबर १९५९ रोजीं लंडनहून उत्तरेकडे जाणारा एम्-१ हा महामार्ग खुला झाला. जुन्या वळणांच्या रस्त्यांवर मजेंत चालणाऱ्या गाड्या सरळ रस्त्यावर तासभर सारख्या जोरानें पिटाळल्यावर तापल्या, इंजिनें निकामी झालीं, आणि पहिल्याच दिवसापासून कडेला रांगा लागल्या. अशा ठिकाणीं पाना-हातोडीचा उपयोग नाहीं. घरापासून शंभर मैलांवर गाडीसकट कुटुंबाला उचलून घरीं नेणारा कोणी पाहिजे. १९७१ मध्यें ब्रॅडफर्ड येथें एक नवी मंडळी निघाली ( पुढें १९९४ पासून ती ग्रीन फ्लॅग या नांवानें प्रसिद्ध झाली ). तिनें पगारी गस्तवाले ठेवले नाहींत. गांवोगांवच्या गॅरेजवाल्यांशीं करार केले आणि गाडी सरळ मुक्कामीं पोंचविण्याची हमी दिली. जुन्या संस्थेला १९७३ मध्यें तशीच सोय काढणें भाग पडलें. स्वस्तपणाची स्पर्धा येथून लागली, आणि प्रत्येक सोयीची निराळी किंमतही येथूनच लागली : रस्त्यांतली दुरुस्ती इतकी, मुक्कामीं पोंचविणें इतकें, घराच्या दारांत मदत आणखी इतकी.

घराच्या दारांत मदत निराळी कां, असें सूनबाईंनीं त्या थंड सकाळीं नक्कीच विचारलें असेल. या सेवेचा जन्म रस्त्यावरचा. वाटसरू अडला तर त्याला हात द्यावा ही तिची मूळ कल्पना. दारांत उभी असलेली गाडी हा वाटसरू नव्हे. शिवाय विकणाराला धास्ती ही कीं, बॅटरी मेली आहे हें ठाऊक असून माणूस आज पैसे भरील आणि उद्यां मेस्त्री मागेल. कारण समजतें, तथापि बॅटरी जाते ती बहुधा रात्रभर दारांत उभ्या असलेल्या गाडीचीच, तेव्हां सर्वांत नित्याचें संकट कराराबाहेर ठेवून उरलेल्याची हमी देणें, हें मला तरी छत्री देऊन पावसाळा वगळण्यासारखें वाटतें.

शेवटचा पालट १९९९ चा. सभासदांच्या मालकीची ती जुनी संस्था १ अब्ज १० कोटी पौंडांस सेंट्रिका या कंपनीनें घेतली, आणि तिची प्रतिस्पर्धी रॉयल ऑटोमोबाइल क्लबची मोटार-सेवा त्याच वर्षीं दुसऱ्या कंपनीस विकली गेली. सभासद गिऱ्हाईक झाला. पूर्वीं जुन्या सभासदाचा मान असे; आतां जुना गिऱ्हाईक तो, जो दर वर्षीं न विचारतां वाढीव रक्कम भरतो. हा अनुभव विम्याच्या धंद्यांत इतका सार्वत्रिक झाला कीं, १ एप्रिल २०१७ पासून ब्रिटनमध्यें विम्याच्या नूतनीकरणाच्या पत्रांत गेल्या वर्षाची रक्कम छापणें विमा कंपन्यांवर बंधनकारक झालें. दरम्यान घरांतल्या गाड्या वाढल्याच होत्या. २०११ च्या खानेसुमारींत इंग्लंड व वेल्समधील सुमारें ३२ टक्के घरांत दोन किंवा अधिक गाड्या निघाल्या. बिल्ला माणसाचा कीं गाडीचा, हा १९०६ चा निरुपद्रवी प्रश्न आतां लाखों घरांच्या खर्चाचा झाला.

हें सर्व मीं पुतण्याला लिहिलें, आणि मग त्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळलों. त्याला म्हटलें, अरे, प्रथम दर पाहूं नकोस, डोकीं मोज. घरांत गाडी चालविणारीं माणसें जास्त, कीं गाड्या जास्त ? एकच माणूस आणि त्याच्या तीन गाड्या असतील, तर मदत माणसाच्या नांवानें घ्यावी. तो ज्या गाडींत बसेल ती तरली. तुझ्या घरीं चालविणारीं तीन आणि गाड्या दोन. तुला ती गाड्यांच्या नांवानें घेणें सोयीचें, कारण मग चाकावर मुलगी असो कीं तिची मैत्रीण, हरकत नाहीं. समज, एका गाडीला शंभर लागतात आणि त्याच करारांत दुसरीला साठ. एका माणसाला एकशें वीस आणि घरांतल्या पुढच्या प्रत्येकास साठ. ( आंकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठीं घेतले आहेत. ) दोन गाड्यांचे एकशें साठ होतात, तीन माणसांचे दोनशें चाळीस. मात्र मुलगी मैत्रिणींच्या गाड्या घेऊन गांवोगांव फिरणारी असेल, तर तिच्यापुरता हिशेब उलटेल.

दुसरी गोष्ट, दोन्ही गाड्या एकाच करारांत व एकाच तारखेवर आण. दुसऱ्या गाडीवर सूट मिळते ती तेव्हांच, आणि दोन तारखा असल्या कीं एक विसरली जाते. त्यापूर्वीं फुकट पडून असलेले करार शोध : बँकेच्या खात्यांतला, विम्यांतला, नव्या गाडीबरोबर कारखानदारानें कांहीं वर्षांपुरता दिलेला. एका गाडीवर दोन छत्र्या आणि दुसरी भिजते आहे, असें तुझें झालें. सोयी सरसकट दोन्ही गाड्यांना घेण्याचें कारण नाहीं. जी गाडी जुनी आणि गांवांतच फिरते तिला दारांतली मदत हवी, लांब ओढून नेण्याची हमी नको. जी महामार्गानें जाते तिला नेमकें उलट. फार जुनी गाडी असेल तर कांहीं कंपन्या वयाची मर्यादा घालतात, तें आधींच विचारून घे. वर्षांतून किती वेळां बोलावतां येईल आणि गाडी जवळच्या गॅरेजपर्यंतच नेणार कीं तूं सांगशील तेथें, या दोन ओळी करारांत बोट ठेवून वाच. सर्वांत स्वस्त करारांत कधीं कधीं पैसे आधीं तूं मोजावयाचे आणि मागाहून परत मागावयाचे असतात. रात्रीं अकरा वाजतां मुलगी रस्त्यांत अडली असतां तिच्याजवळ तेवढे पैसे असतील काय, याचा विचार कर.

चार आठवड्यांनीं उत्तर आलें. विम्याला चिकटलेला करार काढून टाकला. बँकेचें तें खातें बदलून साधें घेतलें, कारण त्याला महिन्याची फी पडत होती. आणि दोन्ही गाड्या एका करारांत घालून सूनबाईंच्या गाडीला दारांतली मदत जोडली. तिन्हींना मिळून जात होते त्याहून कमी पैसे लागले, असें त्यानें आनंदानें कळविलें आहे. खालीं सूनबाईंच्या अक्षरांत एक ओळ आहे : "काका, पुण्याला तुमच्या घरींही तुमची एक व दादांची एक अशा दोन गाड्या आहेत ना ? त्यांचें काय ठरविलेंत ?" तें पत्र वाचून मीं दोन्ही गाड्यांचे विम्याचे कागद कपाटांतून काढले. मुलाच्या गाडीच्या कागदांत रस्त्यांतल्या मदतीचे पैसे भरलेले आहेत. माझ्या गाडीच्या कागदावर त्या रकान्यांत नुसती आडवी रेघ आहे. सूनबाईंच्या पत्राला उत्तर अद्याप लिहावयाचें आहे.